शस्त्राचें पाणी : एका शब्दाचा व एका क्रियेचा विचार

१. विषयप्रवेश

जुन्या मराठी लिखाणांत तरवारीच्या वर्णनाबरोबर 'पाणी' हा शब्द वारंवार येतो. तरवार पाणीदार असते, तिला पाणी दिलेलें असतें, तिचें पाणी उतरतें, आणि शेवटीं माणसाचेंही पाणी जोखलें जातें. शब्द इतका परिचयाचा आहे कीं, त्याचा अर्थ विचारण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु याद्या व दफ्तरें वाचणाऱ्यानें तो विचारला पाहिजे. या एका शब्दाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी वावरत आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्यामुळें दोन प्रकारचें नुकसान होत आहे. पहिलें नुकसान कागदांच्या अर्थाचें आहे. दुसरें प्रत्यक्ष शस्त्रांचें आहे, आणि तें अधिक मोठें आहे. कारण कागदाचा चुकलेला अर्थ उद्यां सुधारतां येईल, पण विजेच्या ग्राइंडरवर धरलेल्या जुन्या पात्याचा गेलेला गुण व पुरावा परत आणतां येणार नाहीं.

प्रस्तुत लेखांत प्रथम शब्दाचा इतिहास, मग त्यामागील क्रियेचें शास्त्र, नंतर त्या क्रियेचे जे अंश पुण्यांत व महाराष्ट्रांत आजही डोळ्यांनीं पाहतां येतात ते, आणि अखेर संग्राहकांस विनंती, असा क्रम आम्हीं ठेवला आहे.

२. पायन आणि पाजविणें

संस्कृतांत 'पा' म्हणजे पिणें; त्याचें प्रयोजक 'पाययति', म्हणजे पाजतो; त्यावरून 'पायन' अथवा 'पायना' हें नाम होतें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील आठव्या, शस्त्रावचारणीय नांवाच्या, अध्यायांत वैद्याच्या शस्त्रांचा विचार आला आहे. तेथें शस्त्रांची पायना तीन प्रकारची सांगितली आहे : क्षारांत, उदकांत व तेलांत. क्षारांत पायन केलेलें शस्त्र बाण, शल्य व अस्थि यांच्या छेदनासाठीं वापरावें. उदकांत केलेलें मांसाच्या छेदन, भेदन व पाटनासाठीं. आणि तेलांत केलेलें शिरावेध व स्नायुच्छेद यांसाठीं. त्याच ठिकाणीं धार काढण्याकरितां उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, आणि धार स्थिर राखण्याकरितां सांवरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे.

वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. सुश्रुतसंहितेंत तीन क्रियांना तीन वेगळीं नांवें आहेत : तापवून द्रवांत बुडविणें हें पायन, दगडावर घासून धार काढणें हें निशान, आणि ती धार टिकविणें हें धारासंस्थापन. शस्त्राचा अंगचा गुण पहिल्या क्रियेनें बदलतो. दुसरी क्रिया केवळ आकार देते.

मराठींत काय झालें तें पाहूं. 'पायय-' याचें मराठी रूप 'पाजणें' होय, आणि त्याचेंच पुढचें रूप 'पाजविणें'. परंतु आपण सुरी पाजवितों, असें म्हणतों तेव्हां ती अग्नीजवळ नेत नाहीं, निसण्यावर घासतों. 'निसणा' हा शब्द 'निशान' यावरूनच आलेला दिसतो. म्हणजे साधनाचें नांव निशानाचें राहिलें, आणि क्रियेचें नांव मात्र पायनाचें घेतलें गेलें. मूळ पायनास मग दुसरा शब्द लागला, तो 'पाणी देणें'. खेड्यांतील लोहार शेवटावयास आलेल्या विळ्याला भट्टींतून काढून पाणी देतो. त्यानंतर शेतकरी तो घरीं पाजवितो. आमच्या मतें शब्दांची ही अदलाबदल सहज घडलेली आहे. धार लावणें हें काम घरोघर चाले, पाणी देणें लोहाराच्याच हातीं राहिलें; तेव्हां घरांतल्या भाषेनें जुना शब्द आपल्या कामासाठीं ओढून घेतला.

तिसरा अर्थ फारसींतून आला. फारसींत 'आब' म्हणजे पाणी; 'आब' म्हणजे रत्नाची किंवा शस्त्राची झळाळी; आणि पोलादास पाणी देणें यासही तीच भाषा 'आब देणें' असें म्हणते. आपण मोत्याचें पाणी म्हणतों आणि घराण्याचा आब राखतों, तो याच शब्दपरिवाराचा विस्तार. तात्पर्य, मराठी कागदांत 'पाणी' म्हणजे कधीं अग्निसंस्कार, कधीं धार, आणि कधीं पात्याच्या अंगावरील झळाळी किंवा लहरींची नक्षी. तिन्हींचीं कारणें भिन्न आहेत.

३. दृढ आणि तीक्ष्ण

शस्त्राकडून दोन गुणांची अपेक्षा असते आणि ते दोन गुण एकमेकांशीं भांडतात. धार बोथट होऊं नये यासाठीं धातु कठीण हवा. पातें मोडूं नये यासाठीं तो वाकणारा, ताणला जाणारा, आघात सोसणारा हवा. कठीणपणा वाढविला कीं ठिसूळपणा वाढतो. मऊपणा ठेवला कीं धार टिकत नाहीं.

हा भेद आपल्या ग्रंथकारांना ठाऊक होता. अग्निपुराणांत देशपरत्वें खड्गांचें वर्णन आहे. तेथें वंग व अंग देशांच्या खड्गांना तीक्ष्ण म्हटलें आहे, आणि शूर्पारक येथील खड्गांना दृढ. शूर्पारक म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यांतील नालासोपारा. एकाच प्रकरणांत दोन ठिकाणांच्या मालास दोन वेगळीं विशेषणें लावलीं आहेत, हें महत्त्वाचें. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या खड्गलक्षणाध्यायांत उत्तम पायनाचें फळ सांगतांना दोन्ही गुण एकत्र मागितले आहेत : असें शस्त्र दगडावर मोडत नाहीं आणि दुसऱ्या लोहावर बोथट होत नाहीं.

रसरत्नसमुच्चयांत याहून बारीक विचार आहे. त्यांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन वर्ग आहेत, आणि मुंडाचे पुन्हां मृदु, कुंठ व कडार असे तीन भेद आहेत. लवकर वितळतें, फुटत नाहीं व चिकण असतें तें मृदु; घाव घातले असतां कष्टानें पसरतें तें कुंठ; घाव बसतांच मोडतें आणि मोडीवर काळें दिसतें तें कडार. ही परीक्षा हातोड्याची व मोडीची आहे. धातु किती पसरतो, केव्हां तुटतो आणि तुटल्यावर आंतून कसा दिसतो, हे तीन प्रश्न आजच्या प्रयोगशाळेंतही विचारले जातात. यावरून प्राचीनांस आजचें सर्व शास्त्र अवगत होतें असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु त्यांचें निरीक्षण निव्वळ कल्पनेचें होतें असें म्हणणेंही तितकेंच चुकीचें आहे.

४. अग्निसंस्कार

आतां शास्त्र. लोखंड व पोलाद यांतील भेद मुख्यतः कार्बनाचा, म्हणजे कोळशाच्या मूलद्रव्याचा, आहे. ही गोष्ट युरोपांतही अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाली. व्हँडरमॉन्ड, बर्थोले व मोंज या फ्रेंच पंडितांचा त्यावरील निबंध इ. स. १७८६ चा आहे. शुद्धप्राय लोखंडास कितीही वेळां पाणी दिलें तरी तें फारसें कठीण होत नाहीं. शेंकडा पाऊण-एक भाग कार्बन असलेलें पोलाद मात्र एका बुडविण्यानें कांचेसारखें कठीण होतें.

याचें कारण असें. थंड लोखंडांत अणूंची जी मांडणी असते तींत कार्बन जवळजवळ मावत नाहीं. शेंकडा दोन शतांश एवढाच मावतो. तें लालबुंद तापलें, म्हणजे सुमारें साडेसातशें ते साडेआठशें अंश सेंटिग्रेडपर्यंत गेलें, कीं अणूंची मांडणीच बदलते, आणि या नव्या मांडणींत बराच कार्बन विरघळतो. हळूहळू थंड होऊं दिल्यास कार्बन बाहेर पडून आपला वेगळा थर करतो, आणि पोलाद मऊ राहतें. एकदम थंड केल्यास कार्बनाला बाहेर पडण्यास अवसरच मिळत नाहीं. तो आंत अडकतो, अणूंची मांडणी ताणली जाते, आणि अतिशय कठीण पण ठिसूळ अशी रचना बनते. तिला अडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवावरून मार्टेन्साइट म्हणतात.

एवढ्यावर थांबलें तर शस्त्र पहिल्याच आघाताला मोडेल. म्हणून त्यास पुन्हां थोडी ऊब द्यावी लागते. घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर ही ऊब रंगानें दिसते : सुमारें २२० ते २३० अंशांस फिकट गव्हाळ, २५५ च्या सुमारास तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा, आणि ३०० च्या सुमारास निळा. रंग जसा पुढें सरकतो तसा कठीणपणा थोडा कमी होतो व चिवटपणा वाढतो. वस्तऱ्यास गव्हाळ रंगावर थांबावें. कमानीसारखें लवावयाचें असेल त्यास निळ्यापर्यंत जावें. दांडपट्ट्याचें लांब पातें लवतें व पुन्हां सरळ होतें, तें अशाच संस्काराचें फळ.

ही सारी क्रिया पाहावयाची असेल तर पाथरवटाकडे पाहावें. टाकीचें टोंक बोथट झालें कीं तो तें तापवितो, ठोकून नीट करतो आणि फक्त टोंक पाण्यांत बुडवितो. मग टाकी बाहेर काढून टोंक दगडावर घासतो व थांबतो. मागच्या अंगांत राहिलेली उष्णता पुढें येते. टोंकावर रंग चढूं लागतो. हवा तो रंग आला कीं टाकी पुन्हां पाण्यांत. पहिल्या बुडविण्यानें कठीणपणा आला, मागून आलेल्या उष्णतेनें चिवटपणा. त्याच्याजवळ उष्णतामापक नसतो. रंग हाच त्याचा मापक.

आतां सुश्रुताच्या तीन पायनांकडे वळूं. तापलेलें लोखंड पाण्यांत शिरलें कीं त्याच्याभोंवतीं वाफेचें कवच तयार होतें, आणि तें कवच उष्णता बाहेर जाण्यास अडथळा करतें. पाण्यांत क्षार किंवा मीठ असल्यास हें कवच लवकर फुटतें व पोलाद अधिक वेगानें निवतें. तेलांत तें पाण्यापेक्षां सावकाश निवतें. म्हणजे क्षार, उदक व तेल हा क्रम निवण्याच्या वेगाचा उतरता क्रम आहे. अस्थि छेदणाऱ्या शस्त्रास सर्वांत कठीण करावें, आणि शिरेंत शिरणाऱ्या बारीक शस्त्रास, जें वेगानें निवल्यास तडकेल किंवा वांकेल, तेल द्यावें, ही योजना आजच्या कारखान्यासही मान्य होईल. कारण ठाऊक नसतां क्रम बरोबर सांपडला, यांतच अनुभवाचें मोल आहे.

वराहमिहिराचें प्रकरण याहून मिश्र आहे. त्यांत श्रीची इच्छा असणाऱ्यानें रक्तांत, गुणी पुत्र इच्छिणाऱ्यानें तुपांत, आणि अक्षय धन इच्छिणाऱ्यानें पाण्यांत पायन करावें असें आहे. ही फलश्रुति होय. तिचा धातूशीं संबंध नाहीं. परंतु पुढें रुईचा चीक, शिंगाची मषी, पारवा व उंदीर यांची विष्ठा यांचा लेप, आणि केळीचा क्षार ताकांत घालून केलेलें पायन सांगितलें आहे. लेपानें पात्याचा पृष्ठभाग तापतांना जळण्यापासून राखला जातो, आणि क्षाराचा परिणाम वर सांगितलाच आहे. अशा ग्रंथांत श्रद्धा कोठें संपते व कारागिरी कोठें सुरू होते, हें ओळीओळीस पाहावें लागतें. सर्व स्वीकारणारा व सर्व टाकणारा, दोघेही हें श्रम टाळतात.

५. थंड घाव

पोलाद कठीण करण्याचा दुसरा मार्ग अग्नीशिवायचा आहे, आणि त्याचा पाठ पुण्यांत कसबा पेठेंतील तांबट आळींत मिळतो. पेशवाईच्या काळीं कोंकणांतून येऊन वसलेले त्वष्टा कासार येथें तांब्याचीं भांडीं घडवीत आले. त्वष्टा हें नांव ऋग्वेदांत इंद्राचें वज्र घडविणाऱ्या देवाचें आहे. भांड्यावर एकाशेजारीं एक अशा हातोडीच्या खुणा उमटविणें यास मठारकाम म्हणतात. पाहणाऱ्यास ती नक्षी वाटते. वस्तुतः तिनें भांडें बळकट होतें. थंड असतां ठोकलेलें तांबें मूळच्या मऊ तांब्याच्या सुमारें दुप्पट कठीण होऊं शकतें.

असें कां व्हावें, याचा उलगडा इ. स. १९३४ मध्यें टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघांनीं स्वतंत्रपणें केला. धातूच्या प्रत्येक कणांत अणूंच्या रांगा असतात, आणि कोठें कोठें एकादी रांग अर्धवट सुटलेली असते. जड सतरंजी सबंध ओढण्यास बळ पुरत नाहीं. पण तींत एक सुरकुती पाडून ती पुढें सारीत नेली तर सतरंजी सहज सरकते. धातु वाकतो तो या सुरकुत्या सरकल्यामुळें. परंतु प्रत्येक घावानें नव्या सुरकुत्या निर्माण होतात, हजारों पटींनीं वाढतात, आणि एकमेकींत गुंतून अडतात. मग धातु वाकेनासा होतो. त्याचें बळ वाढतें, पण आणखी ताणण्याची शक्ति संपत येते, आणि तरीही ठोकीत राहिलें तर तो चिरतो.

म्हणून तांबट मध्येंच भांडें भट्टींत घालतो. तापल्यानें गुंतागुंत मोडते, नवे कण जन्मतात, तांबें पुन्हां मऊ होतें, आणि घडण पुढें चालते. येथें एक ध्यानांत ठेवण्याजोगा विरोध आहे. तापलेलें तांबें पाण्यांत बुडविलें तरी तें मऊच राहतें. तापलेलें पोलाद बुडविलें तर कठीण होतें. तांब्यांत उष्णतेनें अणूंची मांडणी बदलत नाहीं व अडकण्यास कार्बनही नसतो. म्हणजे पाण्यांत स्वतः कांहीं गुण नाहीं. गुण आहे तो धातूच्या अंगांत. पाणी केवळ वेग देतें. 'अमुक गांवच्या विहिरीचें पाणी तरवारीस चांगलें' अशा समजुती ऐकूं येतात त्यांची परीक्षा या एका उदाहरणानें होते. पाण्यांतील क्षार व त्याची उष्णता यांनीं वेगांत फरक पडेल. त्यापलीकडे त्या पाण्यांत रहस्य नाहीं.

पोलादावर थंड घडणीची परमावधि पाहावयाची असेल तर तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या पोलादी तारेकडे पाहावें. मिरजेंतील वाद्यनिर्मितीचा इतिहास येथें स्मरतो. शस्त्रांस धार व झळाळी देणाऱ्या शिकलगारांपैकीं फरीदसाहेब यांनीं इ. स. १८५० च्या सुमारास तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला, आणि पुढें त्या गांवचे तंबोरे व सतारी सर्व हिंदुस्थानांत गेल्या. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तरवारीचें काम सरलें आणि हात वाद्याकडे वळले. पण पोलाद सुटलें नाहीं. वाद्याच्या तारेसाठीं सुमारें शेंकडा पाऊण ते एक भाग कार्बनाचें पोलाद तापवून वितळलेल्या शिशांत निवविण्याची कृति आहे. तिचें पेटंट इंग्लंडांत जेम्स हॉर्सफॉल यानें इ. स. १८५४ मध्यें घेतलें. या संस्कारानें पोलादांत अत्यंत बारीक थर बनतात. मग तार थंड असतांच क्रमानें लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढली जाते. साध्या मऊ पोलादाची पट्टी दर चौरस मिलिमीटरास सुमारें ४०० न्यूटन ताण सोसते. ही तार २,००० हून अधिक सोसते. प्रथम अग्नीनें चिवटपणा, नंतर ओढीनें बळ, असा हा क्रम आहे. क्रम उलटा केला तर तार तुटते.

६. दोहोंचा मेळ

अग्नि व घाव यांच्या मेळानें आणखी एक गोष्ट साधते. थंड ठोकलेला धातु बेतानें तापविला तर त्यांत नवे कण उगवतात, आणि ते बारीक असतां उष्णता थांबविली तर बळ व चिवटपणा दोन्ही वाढतात. हॉल व पेच या शास्त्रज्ञांनीं १९५१ ते १९५३ या वर्षांत कणांचा बारीकपणा व बळ यांचें नातें गणितानें मांडलें. एरव्हीं भांडणाऱ्या दोन गुणांस एकत्र नांदविणारा हा जवळजवळ एकमेव उपाय आहे. जास्त तापविल्यास कण मोठे होतात व दोन्ही गुण जातात. लोहार 'लोखंड जळालें' म्हणतो तेव्हां बहुधा हीच अवस्था असते.

हा जुना प्रश्न आजच्या पुण्यांत घरोघर आला आहे. कांक्रीटांत घालावयाच्या सळया १९६० नंतर बरींच वर्षें थंड असतां पीळ देऊन बळकट करीत. त्यांस टोर सळई म्हणत. पिळानें बळ वाढे, पण ताणण्याची शक्ति कमी होई. पुढें टीएमटी सळई आली. ती लाटली जात असतां लालबुंद स्थितींतच पाण्याच्या झोतांतून काढतात. बाहेरचें अंग कठीण होतें, आंतला गाभा तापलेलाच राहतो, आणि गाभ्याची उष्णता बाहेर येऊन कठीण अंगास चिवट करते. पाथरवटाच्या टाकीची युक्ति ती हीच. भारतीय मानक १७८६ च्या २००८ च्या आवृत्तींत ४१५ प्रतीची सळई तुटण्यापूर्वीं निदान शेंकडा १४.५ लांबली पाहिजे असें आहे, आणि तेवढ्याच बळाच्या 'डी' प्रतीस शेंकडा १८ ची अट आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा व ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या प्रांतास दृढ व तीक्ष्ण यांतला भेद केवळ ग्रंथांतला नाहीं. भूकंपांत सळई वाकली तर माणसांस बाहेर पडण्यास अवसर मिळतो. ती मोडली तर मिळत नाहीं.

७. कागद, पातीं आणि विनंती

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. यादींत 'पाणीदार तरवार' असें आढळलें तर तिचा अर्थ काय करावा? पुष्कळदां तो लहरीदार नक्षीच्या पोलादाची तरवार असा घेतला जातो. ही नक्षी पाणी देण्यानें उमटत नाहीं. ती मुशींत वितळविलेल्या पोलादाची खूण आहे, ज्यांत शेंकडा एक ते दोन भाग कार्बन असतो. आजच्या तेलंगणांतील निजामाबाद जिल्ह्यांतील कोनासमुद्रम् येथें हें पोलाद होत असे आणि तें नेण्यास इराणी व्यापारी येत. व्हॉयसी यानें लिहिलेलें त्याचें वर्णन इ. स. १८३२ मध्यें प्रसिद्ध झालें. मुंबईच्या हेलेनस स्कॉट नांवाच्या वैद्यानें या पोलादाचे नमुने विलायतेस पाठविले, आणि त्यांवरून जॉर्ज पिअर्सन यानें १७९५ मध्यें निबंध लिहिला. पुढें १८१९ मध्यें फॅरडेनेंही तें तपासलें. मंद लाल उष्णतेवर पुनः पुनः ठोकल्यानें कार्बनयुक्त कठीण कणांच्या ओळी बनतात, आणि हिराकसासारख्या द्रव्यानें पातें माखलें कीं त्या दिसूं लागतात. व्हर्होव्हेन, पेंड्रे व सहकारी यांनीं १९९८ मध्यें दाखविलें कीं, या ओळी जुळण्यास व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंश लागतो. म्हणजे विशिष्ट खाणीची धातुमाती लागते. अशी नक्षी असलेल्या पात्यास कडक पाणी दिलेलें असेलच असें नाहीं. उलट, फिरंगी पात्यावर नक्षी नसते, आणि तरीही त्यास उत्तम पाणी दिलेलें असूं शकतें. तेव्हां केवळ 'पाणीदार' या शब्दावरून पोलादाची जात ठरवूं नये. त्याच यादींत मूल्य, देश, 'फिरंग' किंवा 'जोहर' असा दुसरा शब्द, अथवा शिकलगाराच्या मजुरीचा उल्लेख आहे कीं काय हें पाहावें, आणि मगच अर्थ करावा.

शस्त्रांविषयींची विनंती याहून तांतडीची आहे. खंडेनवमीस पूजेसाठीं काढलेली घराण्याची तरवार चकचकीत दिसावी म्हणून ती ग्राइंडरवर देण्याचा प्रघात वाढत आहे. ग्राइंडरवर पात्याची कड क्षणांत तीनशें अंशांपलीकडे तापते. कडेला निळा पट्टा दिसला कीं समजावें, शतकांपूर्वींच्या लोहारानें मोजून ठेवलेला कठीणपणा तेथें उतरला. 'पाणी उतरणें' हा शब्दप्रयोग तेथें अक्षरशः खरा होतो. वांकलेलें पातें भट्टींत घालून सरळ केलें तर तें अंतर्बाह्य बदलतें, आणि त्यानंतर कोणत्याही प्रयोगशाळेस मूळ कारागिराची कृति वाचतां येत नाहीं. घर्षणानें नक्षीचा माखलेला थर, लेख व लोहाराची निशाणीही जाते. लेखाचा एक कागद फाटला तर आपण हळहळतों. पातें हाही लेखच आहे, फक्त तो अणूंच्या लिपींत आहे.

यास्तव ज्यांच्या संग्रहीं जुनीं पातीं, दांडपट्टे, कट्यारी, किंबहुना जुने अडकित्ते व वस्तरे असतील, त्यांनीं तीं तापवूं नयेत, ग्राइंडरवर देऊं नयेत, आम्लानें धुवूं नयेत. मऊ कापडानें कोरडीं पुसून तेलाचा पातळ हात द्यावा एवढें पुरे. पात्याची लांबी, रुंदी, वजन, निशाणी, कडेवरील रंग, आणि घराण्यांत त्याविषयीं जो शब्द चालत आला असेल तो शब्द, हें सर्व कागदावर उतरून ठेवावें. खेड्यांतील ज्या वृद्ध लोहारांस व पाथरवटांस रंगावरून पाणी ओळखतां येतें, त्यांचे शब्दही त्यांच्याच उच्चारांत टिपून घ्यावेत. पायनापासून पाजविण्यापर्यंत एक शब्द आपला अर्थ विसरत आला. जाणत्यांचे हात थांबण्यापूर्वीं उरलेले शब्द तरी त्यांच्या क्रियेसह लिहून ठेवणें हें आपल्या आटोक्यांतलें काम आहे.